एका तुकड्यातली केबल

माझ्या नावाआधी इंजिनिअर हा शब्द कधी लागला नाही. मी आयटीआयची ड्राफ्ट्समन. भुसावळला दोन वर्षांचा कोर्स केला आणि जळगावात नव्या पेठेतल्या एका ऑफिसात ट्रेसिंग करायला लागले. मोठ्या इमारतींच्या वायरिंगचे आराखडे करून देणारं ऑफिस होतं. साहेब एकटेच इंजिनिअर, आम्ही ड्रॉइंग काढणारे तिघं. घर वरणगावला. बाबा तिथल्या फॅक्टरीत तपासणी विभागात होते. रोज सकाळी एसटीनं जळगाव, संध्याकाळी परत. ऑफिसातले बाकी दोघं पुरुष होते आणि साइटवर तेच जायचे. मी बोर्डावर वाकून शाईचं पेन ओढायची. रेघ माझी सगळ्यांत स्वच्छ, हे साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पण रेघ कुठून न्यायची हे मला कोणी विचारत नसे.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. धुळ्यात एक कॉलेज होतं. त्याची जुनी दगडी मुख्य इमारत चार मजली. मैदान आणि एक नाला ओलांडला की नवी इमारत, तिच्यात कॉम्प्युटरच्या लॅब. दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे म्हणून कॉलेजनं तांब्याची केबल या इमारतीतून त्या इमारतीत झाडांवरून बांधत नेली होती. मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी वीज कडाडली आणि दोन्ही इमारतींमधले मिळून बरेच कॉम्प्युटर एका क्षणात बंद पडले. वीज इमारतीवर पडलीच नव्हती, जवळपास कुठंतरी पडली होती. तेवढ्यानंही त्या लांब तारेत दाब चढला आणि तो थेट मशिनींत शिरला.

कॉलेजचे प्राचार्य साहेबांच्या ओळखीचे. त्यांनी साहेबांना बोलावलं, आणि परत आल्यावर साहेबांनी माझ्या बोर्डावर प्लास्टिकची एक छोटी पिशवी ठेवली. आत काळ्या केबलचा वीतभर तुकडा होता. एक टोक सोललेलं, त्यातून केसासारखे बारीक सहा धागे बाहेर आलेले. साहेब म्हणाले, हे काचेचे आहेत. यातून वीज जात नाही, उजेड जातो. आकाशातली वीज याचं काही करू शकत नाही, कारण तिला धरायला यात तांबंच नाही.

मी एक धागा बोटानं वाकवून पाहिला. तो वाकला, आणखी वाकवला तसा कट्कन तुटला. मला फार अपराधी वाटलं, पण साहेब हसले. म्हणाले, हेच शिकायचं आहे आपल्याला.

बाकीचे दोघं तेव्हा एका साखर कारखान्याच्या कामात अडकलेले होते. त्यामुळं केबल पुरवणाऱ्या कंपनीनं पाठवलेलं जाड इंग्रजी पुस्तक माझ्या वाट्याला आलं. मी ते एसटीत वाचायची. मांडीवर पुस्तक, त्यावर डिक्शनरी. नशिराबादपासून भुसावळपर्यंत एखादं पान व्हायचं. हळूहळू समजत गेलं. उजेड काचेतून जाताना थोडा थोडा विरतो. केबल जितकी लांब तितका जास्त. प्रत्येक जोडावर आणखी थोडा. केबल तीव्र कोनात वळवली की तिथंही उजेड बाहेर निसटतो, आणि ओढताना जोर जास्त झाला तर काच आतून चिरते, वरून काहीच दिसत नाही. म्हणजे आराखडा करणाऱ्यानं आधीच हिशेब मांडायचा. या टोकाला इतका उजेड सोडला तर त्या टोकाला किती पोचेल, आणि तेवढा पुरेल का. मी वहीत तो हिशेब मांडायला शिकले. गणित अवघड नव्हतं, नुसती बेरीज होती. अवघड होतं ते हे, की बेरजेतला प्रत्येक आकडा इमारतीत जाऊन शोधावा लागत होता.

म्हणून मी साहेबांना म्हटलं, मला साइट पाहायची आहे. ते म्हणाले, सोमवारी सकाळची गाडी पकड.

कॉलेजच्या ऑफिसनं मला दोन्ही इमारतींचे नकाशे दिले. वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या लोकांनी काढलेले. मी दोन्ही टेबलावर शेजारी मांडले आणि पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं की दोन्हींवरचे उत्तरेचे बाण जुळत नाहीत. एक नकाशा खरा धरला तर दुसरी इमारत रस्त्यात येत होती. म्हणजे कागदावर पट्टी ठेवून अंतर काढायची सोयच नव्हती. चालूनच मोजावं लागणार.

माझ्याबरोबर कॉलेजचे वायरमन दिले गेले. त्यांना सगळे आबा म्हणायचे. निवृत्तीला आलेला माणूस, खाकी शर्ट, खिशात टेस्टर. कॉलेजची इमारत बांधली तेव्हापासून तिथं असलेले. पण ते माझ्याशी बोलेनात. टेप धरा म्हटलं की धरायचे, सोडा म्हटलं की सोडायचे. नाल्याजवळ लिंबाच्या झाडाखाली आम्ही पाणी प्यायला थांबलो, तेव्हा वर त्या जळालेल्या तारेचा तुकडा अजून लोंबत होता. त्याच्याकडं बघत ते म्हणाले, "बठ्ठा म्हनतस, आबानी तारमुळे मशीनी जयन्यात."

तेव्हा मला त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लागला. ती केबल झाडांवरून त्यांनी बांधली होती. कोणीतरी सांगितलं म्हणून बांधली होती, पण मशिनी जळाल्यावर बोट त्यांच्याकडं वळलं होतं. तीस वर्षं ज्यांच्या हातून एक फ्यूज चुकीचा बसला नाही त्यांना हे लागलं होतं.

मी त्यांना माझी वही दाखवली. म्हटलं, आबा, तुमची गाठ सुटली नाही, तार तुटली नाही. दोष बांधण्यात नव्हता. दोन इमारतींमध्ये तांबं कोणीही नेलं असतं, अगदी मुंबईचा माणूस आणला असता, तरी हेच झालं असतं. त्यांनी वही हातात घेतली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण मी काढलेलं चित्र त्यांनी नीट पाहिलं. दोन चौकोन, मध्ये एक रेघ, वर वीज. मग वही परत देऊन उठले आणि म्हणाले, चला, तुम्हाला खरी इमारत दाखवतो.

त्या दिवशी मी जे शिकले ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. जुन्या इमारतीत खालून वर केबल न्यायला शाफ्ट नव्हता. दगडी भिंती दोन हात जाडीच्या, भोक पाडायला कोणी परवानगी देणार नव्हतं. आबांनी मला केमिस्ट्रीच्या लॅबमागं नेलं आणि एक पत्र्याचं दार उघडलं. आत तळमजल्यापासून वरपर्यंत गेलेला धुराचा जुना बोगदा होता. पूर्वी लॅबचा धूर त्यातून जायचा. नवीन पंखे बसल्यापासून बंद पडलेला. मी आत डोकं घालून वर पाहिलं तर चार मजल्यांवर आभाळाचा छोटा चौकोन दिसला. प्रत्येक मजल्याला भिंतीत एक झाकण होतंच. मला वाटलं, इथून एक दिवस केबल जाणार, हे ही इमारत बांधणाऱ्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं.

गच्चीवरही आम्ही गेलो. खानदेशातली जूनमधली दुपार. आबा म्हणाले, इथं चप्पल काढून उभं राहून दाखवा. मी काढली आणि लगेच पुन्हा घातली. गच्चीवरून केबल न्यायची नाही, हे तिथल्या तिथं ठरलं. नाल्याकाठचा एक जुना चेंबरही त्यांनी दाखवला. काळी जमीन. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. चेंबर तिरका झाला होता, आणि आबा म्हणाले की पाऊस लागला की तो काठोकाठ भरतो.

पुढच्या आठवड्यात केबल पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. तरुण, हुशार, बोलण्यात नेमका. त्यानं पुण्यात बसून, कॉलेजनं पाठवलेल्या त्याच नकाशांवरून आराखडा करून आणला होता. प्राचार्यांच्या खोलीत त्यानं तो उलगडला. सरळ रेघा, काटकोन. लोखंडी पाइप, प्रत्येक कोपऱ्यावर एल्बो आणि चेंबर. इमारतीत गच्चीवरून. केबल तीन तुकड्यांत, कारण इतक्या काटकोनांतून एक लांब केबल ओढता येणार नाही. मध्ये दोन जोड, ते जोडायला पुण्याहून मशीन येणार.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, केबल एका तुकड्यात नेता येईल. जमिनीखालून काळा प्लास्टिकचा पाइप टाकायचा, केळीच्या शेतात टाकतात तसा, आणि कुठंही एल्बो लावायचा नाही. जिथं वळायचं तिथं मोठा वळसा घ्यायचा. जोड असेल तर तो चेंबरमध्ये असेल, आणि नाल्याकाठचा चेंबर पावसाळ्यात पाण्याखाली असतो. उद्या तो जोड बिघडला तर धुळ्यात किंवा जळगावात तो दुरुस्त करणारं मशीन नाही. कॉलेज पुण्याच्या माणसाची वाट बघत बसेल.

इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंग काढणं वेगळं आणि डिझाईन करणं वेगळं."

माझे कान गरम झाले, पण मी वही उघडली. त्याला विचारलं, तुमच्या आराखड्यात दोन इमारतींमधलं अंतर किती धरलंय. त्यानं सांगितलं. मी म्हटलं, मी आणि आबांनी टेप टाकून तीनदा मोजलंय, ते याहून साठ मीटरनं जास्त आहे, कारण दोन्ही नकाशांचे बाण जुळत नाहीत. तुमचे तीन तुकडे जोडूनही केबल पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचणार नाही.

त्यानं दोन्ही नकाशे पुन्हा शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिले. मग प्राचार्यांना म्हणाला की अंतर पुन्हा तपासावं लागेल. चूक मान्य करायला तो कचरला नाही, हे मला तेव्हाही आवडलं होतं. पण एका तुकड्याची गोष्ट त्याला पटली नव्हती. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. आधी फक्त पाइप टाकू. त्यातून नुसती दोरी किंवा तार ओढून पाहू. ती एका दमात या टोकापासून त्या टोकाला गेली तर केबल एका तुकड्यात मागवू. नाही गेली तर तुमचा आराखडा.

बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "हे तू किती खात्रीनं बोललीस?"

मी म्हटलं, अंतराबद्दल पूर्ण. पाइपाबद्दल मामांना विचारावं लागेल.

माझे मामा सावद्याला. केळीच्या बागांमध्ये पाणी नेणारे पाइप जमिनीखाली टाकायचं काम ते आणि त्यांचे तीन जोडीदार करायचे. रविवारी मी त्यांच्याकडं गेले आणि विचारलं की पाइप किती वाकतो. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. शेतमालक नुसतं पाणी इथून तिथं आलं पाहिजे एवढंच सांगायचे. मामांनी मला बागेच्या बांधावर नेलं आणि पाइपाचं वेटोळं दाखवलं. वेटोळं आणलं की ते लगेच सोडायचं नाही. सकाळी उन्हात पसरून ठेवायचं, दुपारी ते मऊ झालं की चरात घालायचं. चर आधी पावलांनी आखायचा. माणूस चालताना जसा सहज वळतो तेवढंच पाइपाला वळू द्यायचं, त्याहून कमी जागेत वळवलं तर आतून चपटा होतो. मी पर्समधून टेप काढला आणि त्यांच्या पावलांनी आखलेल्या वळणाचं माप घेतलं. पुस्तकात केबलसाठी लिहिलेल्या मापाच्या कितीतरी पट मोठं निघालं. मला तिथंच हलकं वाटलं.

मामा जोडीदारांना घेऊन धुळ्याला आले. चार दिवसांत पाइप जमिनीत गेला. नाल्यावरून तो लोखंडी खांबांवर नेला, बाकी सगळा खाली. आबा त्यांच्याबरोबर उन्हात उभे राहिले आणि कुठून जुना पाण्याचा नळ जातो, कुठं विजेची जुनी केबल पुरलेली आहे, हे सांगत गेले. आबांची अहिराणी आणि मामांची सावद्याकडची बोली यांची गंमत चालायची. एकमेकांचे शब्द ते परत विचारून घ्यायचे.

मग तार ओढायचा दिवस. पाइप घालतानाच मामांनी आत सुतळी ओवून ठेवली होती, तिच्या टोकाला तार बांधून पलीकडून ओढायची होती. तार अर्ध्याच्या पुढं गेली आणि अडली. किती ओढली तरी हलेना. लोक माझ्याकडं बघू लागले. मामा म्हणाले, पाइप आम्ही घातला तेव्हा गोल होता, शपथेवर सांगतो. आबांनी तार जिथं अडली तिथपर्यंतची लांबी बाहेर उरलेल्या तारेवरून काढली, मैदानात पावलं टाकत चालत गेले आणि लायब्ररीच्या मागं एका जागी थांबले. तिथं जमिनीवर जड टायरची खूण होती. विटांचा ट्रक कोणीतरी त्या कोपऱ्यावरून नेला होता आणि नुकती बुजवलेली माती खचून पाइप दबला होता. तेवढाच भाग उकरला, नवा तुकडा घातला, वर दगडी फरशा टाकल्या. आणि माझ्या ड्रॉइंगवर त्या जागेला मी चौकट काढून लिहिलं, वरून वाहन नेऊ नये. पुढं कितीतरी कामांत मी ती ओळ लिहीत आले.

दुसऱ्या दिवशी तार एका दमात पलीकडं गेली.

आता तीच तार बाहेर काढून तिची लांबी मोजायची, म्हणजे केबल किती मागवायची ते कळेल. मी आधी नायलॉनची दोरी ओढायचं ठरवलं होतं. हे घरी जेवताना बोलले तेव्हा बाबांनी घास खाली ठेवला. फॅक्टरीत त्यांचं आयुष्य मापं तपासण्यात गेलेलं. त्यांच्या हातात दोन गेज असायचे, एक आत गेलंच पाहिजे असं, एक आत जाताच कामा नये असं. तिथं काय बनतं हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पण माप कसं घ्यायचं हे मात्र लहानपणापासून सांगत आले. ते म्हणाले, नायलॉनची दोरी ताणते. ताणलेल्या दोरीवर विश्वास ठेवून तू काचेची केबल मागवणार आहेस का? म्हणून आम्ही दोरी सोडून लोखंडी तार घेतली होती.

मोजण्याच्या दिवशी बाबा स्वतः धुळ्याला आले. रविवार होता, विहारातली वंदना आटोपून सकाळच्याच गाडीनं निघाले, बरोबर त्यांचा स्वतःचा पोलादी टेप. तार मैदानावर सरळ अंथरली. एका टोकाला आबा, एका टोकाला मामा, मध्ये मी खडूनं खुणा करत. बाबांनी या टोकापासून मोजलं, मग त्या टोकापासून. दोन मापांत वीतभर फरक आला. आम्हाला ते चालण्यासारखं होतं. बाबांना नव्हतं. तारेत कुठं पीळ राहिलाय ते त्यांनी बोटं फिरवत शोधून काढलं, तो सरळ केला आणि तिसऱ्यांदा मोजलं. या वेळी दोन्हीकडून आकडा तोच आला. चारशे अठरा मीटर. त्यात धुराच्या बोगद्यातली उंची, दोन्ही इमारतींतल्या कॉम्प्युटरच्या खोल्यांमधला भिंतींवरचा मार्ग आणि प्रत्येक टोकाला एक वेटोळं ठेवण्यापुरती जास्तीची लांबी मी मिळवली. सगळ्या बेरजा बाबांनी एकदा आणि साहेबांनी एकदा तपासल्या. मागणीपत्रावर साहेबांनी सही केली तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

केबल आली ती लाकडी ड्रमवर, एका तुकड्यात. पुण्याचा इंजिनिअर टोकांना कनेक्टर बसवायला आला होता. जोडाचं मशीन त्यानं गाडीत आणलंच होतं, न जाणो लागलं तर. ओढताना घर्षण कमी व्हावं म्हणून आम्ही बाजारातून टाल्कम पावडरचे डबे आणले. मामा ड्रमपाशी, आबा पाइपाच्या तोंडाशी. मी पलीकडच्या टोकाला, पुन्हा पाइपात घातलेली तार ओढणाऱ्यांबरोबर. मी सांगितलं होतं की कोणी जोर लावायचा नाही, अडलं तर थांबायचं. मामांच्या जोडीदारांना हे जमत नव्हतं, त्यांची सवय जोराची. मग आबांनी त्यांना बाजूला करून स्वतः केबलवर हात ठेवला आणि म्हणाले की हाताला कळतं, ती कुठं यायला नको म्हणते ते.

दुपारी अडीचच्या सुमारास केबलचं काळं टोक माझ्यासमोर पाइपातून बाहेर आलं, पावडरीनं पांढरं झालेलं. मग ती बोगद्यातून वर गेली, दोन्ही खोल्यांत पोचली. वेटोळ्यांसाठी एका टोकाला आठ मीटर आणि दुसऱ्याला अकरा मीटर उरले. मी दोन्हीकडं दहा दहा धरले होते.

इंजिनिअरनं दोन्ही टोकांचे सहा-सहा धागे सोलून ठेवले आणि आम्हाला म्हणाला, मशीन लावण्याआधी साध्या टॉर्चनं पाहू. मी टॉर्च घेऊन नव्या इमारतीत राहिले. आबा जुन्या इमारतीत. दोन्ही खोल्यांत इंटरकॉम होता. मी एकेका धाग्याच्या टोकाला टॉर्च धरायची आणि कानाला रिसीव्हर. पहिल्या धाग्याला पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आबांचा आवाज आला. "माले दिखस." एवढंच. नंतर कळलं की त्यांना खोलीत उजेड फार वाटत होता म्हणून त्यांनी आधी उठून खिडक्या लावल्या होत्या. शेवटचा धागा झाल्यावर ते म्हणाले, "सहाच्या सहा दिखतस."

मी रिसीव्हर ठेवला आणि टॉर्च हातात घेऊन तशीच उभी राहिले. खोलीत कोणी नव्हतं. मला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. मला असं वाटलं की माझी उंची वाढली आहे.

त्यानंतर दोन दिवस कनेक्टरचं काम चाललं. काचेचं टोक कनेक्टरमध्ये चिकटवायचं आणि मग बारीक कागदावर इंग्रजी आठच्या आकारात घासून पॉलिश करायचं, शेवटी सूक्ष्मदर्शकात पाहायचं. इंजिनिअर त्या कामाला कोणाला हात लावू देत नसे. पण दुसऱ्या दिवशी त्यानं मला शेजारी बसवलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. मध्यभागी उजळ ठिपका, भोवती करडं कडं, एकही ओरखडा नाही. मग म्हणाला, तुम्ही करून बघा. बारा कनेक्टरांतले शेवटचे दोन मी केले. पहिल्यावर ओरखडा राहिला, तो पुन्हा घासावा लागला. दुसरा पहिल्याच वेळी जमला.

उजेड मोजायचं मीटर लावल्यावर त्यानं प्रत्येक धाग्याचा आकडा वहीत लिहिला आणि माझी वही मागितली. माझ्या हिशेबापेक्षा उजेड कमी विरला होता. मी जोड नसल्याचा फायदा कमीच धरला होता. त्यानं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तशाच, जसे त्या दिवशी नकाशे ठेवले होते. मग विचारलं, पाइपाचं वळण किती मीटरचं घेतलं, आणि ते कुणी सांगितलं. मी मामांकडं बोट दाखवलं. मामा ड्रमवर बसून चहा पीत होते. तो त्यांच्याजवळ गेला आणि पाव तास उभ्याउभ्या काय काय विचारून लिहून घेत राहिला. जाताना माझ्या ड्रॉइंगची एक प्रत त्यानं मागून नेली. म्हणाला, पुण्यात आमच्या ऑफिसात लावायची आहे.

पुढच्या वर्षी मेमध्ये धुळ्यात पुन्हा विजा कडाडल्या. मला ते जळगावात माहीतही नव्हतं. सकाळी ऑफिस उघडलं तोच फोन वाजला. आबा होते. ते ऑफिसात फोन करत नसत, त्यांना फोनचा संकोच वाटायचा. म्हणाले, "ताई, रातले ईज पडनी. बठ्ठं चालू शे." मी विचारलं, नक्की ना, दोन्ही इमारतींत? ते म्हणाले की सकाळी सहालाच येऊन प्रत्येक मशीन स्वतः चालू करून पाहिलं आहे, प्राचार्य यायच्या आधी. फोन ठेवताना त्यांनी सांगितलं की आता निवृत्त झालो तरी चालेल.

बाबांना मी ही बातमी संध्याकाळी सांगितली. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, उरलेली तार कुठं ठेवली आहे, ती गंजू देऊ नका. पण त्या रविवारी विहारात त्यांनी बहुतेक सगळ्यांना सांगितलं असावं, कारण नंतर कितीतरी दिवस वरणगावात ओळखीचे लोक मला थांबवून विचारायचे, काचेतून उजेड जातो म्हणजे नेमकं काय होतं. मी प्रत्येकाला समजावून सांगायची. कधी एसटी चुकायची.

साहेबांनी त्यानंतर अशी सगळी कामं माझ्याकडं दिली. जळगावातली एक बँक, भुसावळचं एक कार्यालय, दोन हॉस्पिटलं. बाकीच्या दोघांना आधी थोडं खटकलं. पण इमारतीत उभं राहून शाफ्ट शोधायचा कंटाळा त्यांना होताच, त्यामुळं ते लवकर निवळलं. मी साइटवर जाताना सुती साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागले, कारण शिडीवर चढावं लागायचं. घरी आईला ते चार दिवस आवडलं नाही, पाचव्या दिवशी तिनंच दुसरा शिवून आणला.

एक प्रसंग मात्र मी जपून ठेवला आहे. जळगावात एक मोठं हॉस्पिटल उभं राहत होतं, पाच मजली. मी त्याच्या कामात नव्हतेच. एका सकाळी त्याच्या आर्किटेक्टचा फोन आला. हे गृहस्थ शहरात मोठे मानले जायचे आणि एरवी साहेबांशीच बोलायचे. ते म्हणाले, उद्या पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकतोय. केबलसाठी शाफ्ट कुठं आणि केवढा सोडू, हे तुम्ही सांगितल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही असं मी गवंड्यांना सांगितलं आहे.

मी त्यांना सांगितलं, जिन्याच्या मागं, दीड हात बाय दोन हात, आणि प्रत्येक मजल्यावर दार ठेवा, माणसाचा खांदा आत जाईल एवढं. त्यांनी ते पुन्हा म्हणून घेतलं आणि लिहून घेतलं. मी टेप पर्समध्ये टाकला आणि स्वतः पाहायला निघाले.